बासरी वाजते तोवर

चहाचा कप खाली ठेवून प्रभाकरने डोळे मिटले. "वा! दादा आज काय खुशीत आहे!"

पलंगाशेजारच्या स्पीकरमधून बासरी वाजत होती. पक्षाघात झाल्यापासून दादाला बोटही हलवता येत नव्हतं. पण कपाळावरच्या पट्टीमुळे त्याच्या मनातली प्रत्येक खळबळ आवाज होऊन बाहेर येई. सुरुवातीला तो आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता. शेजारी तक्रार करू लागले, नातवंडं खोलीत पाऊल टाकीनात. शेवटी दादाची बायको शरयू हिनेच यंत्र बसवणाऱ्याला गळ घातली, "काहीतरी गोड लावून द्या हो."

"आवाज बदलतो, काकू," तो म्हणाला होता, "पण त्यांची भीती तीच राहील. घाबरले की सूर वर चढेल, एवढं लक्षात ठेवा."

तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज सूर चढतच चालला होता. शरयूने नळी तपासली, उशी सारखी केली, नवऱ्याला कुशीवर वळवलं. सूर आणखी चढला. तिने त्याचे गार हात छातीशी घट्ट धरले. "अहो, काय होतंय? मी इथेच आहे!"

बासरी आता इतकी गोड वाजत होती की प्रभाकरने रेकॉर्डिंगसाठी मोबाईल पुढे धरला.

"भाऊजी, ते किंचाळताहेत हो! डॉक्टरांना बोलवा!"

"काहीतरीच काय, वहिनी," प्रभाकर हसला. "आठ महिने तुम्हीच तर सगळ्यांना सांगताय, बासरी वाजते तोवर काळजी नाही."