शांततेतली किणकिण

दातांचे डॉक्टर तणतणतच अण्णांच्या घरात शिरले. हातात जॅझची नवी कोरी रेकॉर्ड होती.

"जुनी रेकॉर्ड नव्याने काढली म्हणे! पार वाट लावलीय, अण्णा. सॅक्सोफोन किंचाळून गप्प होतो, त्या शांततेत ती किणकिण येते ना, तीच गाळलीय."

त्या किणकिणीवर दोघांनी वर्षानुवर्षं काथ्याकूट केला होता. दर रविवारी याच खोलीत, डोळे मिटून ऐकायचं आणि मग भांडायचं. डॉक्टर म्हणत घंटा, अण्णा म्हणत झांज.

अण्णांनी आपली जुनी प्रत काढली. बायको गेल्यापासून ती लावलीच नव्हती. सॅक्सोफोन किंचाळला, गप्प झाला. दोघांनी कानात प्राण आणले. किणकिण आलीच नाही.

"असं कसं होईल?" डॉक्टर पुटपुटले.

अण्णा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चहा केला. "पहिल्यापासून लाव," असं सांगून ते ट्रे घेऊन दारातच थांबले. सॅक्सोफोन किंचाळत होता. आता थांबेल असं वाटून त्यांनी लगबगीने ट्रे टेबलावर ठेवला. कप किणकिणले. सॅक्सोफोन मात्र किंचाळतच होता.

"घाई केलीस," डॉक्टर हळूच म्हणाले. "वहिनी कधी चुकल्या नाहीत."

"आणि म्हणायची," अण्णा म्हणाले, "मला मेलीला यातलं काही कळत नाही."