आधी सीट, मग पाठ, मग आरसा

अरुंधतीचे गुडघे डॅशबोर्डला आपटले. ती अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच थांबली. सीट पार पुढे सरकवलेली होती.

तेरवी कालच झाली. आज सकाळी पोलिसांनी बाबांची अँबॅसिडर सोडली. क्रेनने पुढून उचलून आणली आणि फाटकाच्या आत ठेवून दिली. आत कोणी बसलंही नव्हतं. डावा दिवा, डावा मडगार्ड चेपून आत गेले होते. उजवीकडे ओरखडाही नव्हता. कळमेश्वर रस्ता, चिंचेचं झाड, गाडी महादेवराव स्वतः चालवत होते, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर छातीच्या आधी दोन्ही गुडघ्यांच्या जखमांचा उल्लेख होता.

बाबा सहा फूट उंच होते. गाडी घेतल्यापासून अकरा वर्षं ही सीट शेवटच्या खाचेत होती. बाकासारखी सलग सीट. एकासाठी पुढे घेतली की शेजारच्यालाही पुढे जावं लागायचं. म्हणून तिला कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी अरुंधती गाडी शिकली तेव्हाही ती हलवावी लागली नाही. उंची तिने बाबांची घेतली होती. "आधी सीट, मग पाठ, मग आरसा," ते म्हणायचे. "तोवर किल्लीला हात नाही."

तिने अंग चोरून आत घेतलं आणि आरशात पाहिलं. मागची काच दिसायला हवी होती. मागच्या सीटचं रेक्झिन दिसलं. हा आरसा बुटक्या माणसासाठी लावलेला होता. तिने वाकून सीटच्या रुळाला बोट लावलं. बोटाला ताजं ग्रीस आलं.

पर्समध्ये बाबांचं शेवटचं अंतर्देशीय होतं. अपघाताच्या आठ दिवस आधीचं. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी रस्ता पुसट दिसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. 'नवा ड्रायव्हर तयार करतो आहे. उंचीला कमी, पण हात हलका. दिवाळीला स्टेशनवर तुला घ्यायला मी येणार नाही, ड्रायव्हर येईल. पाहून थक्क होशील.' तेरा दिवसांत घरात एवढी माणसं येऊन गेली. त्या ड्रायव्हरचं नाव कोणी काढलं नाही.

गाडीची देखभाल करणारा नत्थू मिस्त्री बॉनेटपाशी उभा होता. कपाळावर पट्टी. अपघाताच्या दिवशी तोही गाडीत होता.

"नत्थू, त्या दिवशी तू कुठे बसला होतास?"

"मांगं, ताई."

"आणि साहेब कुठल्या बाजूला?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"सीट कोणासाठी पुढे घेतली?"

"मले काहून विचारता ताई? झालं ते झालं."

"ग्रीस तू लावलंस."

नत्थूने ओसरीकडे पाठ केली आणि एकदम म्हणाला, "मीच चालवून राहिलो होतो. लिहून द्या तसं. मले कबूल आहे."

अरुंधती खाली उतरली. "बस."

"काहून?"

"बस म्हणते ना."

नत्थू बसला. लांब टांगांचा माणूस. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. क्लचवर पाय न्यायला त्याला जागाच उरली नाही. तो खाली मान घालून उतरला.

"म्हणजे बाबांना तसंच टाकून पळाला तो ड्रायव्हर," ती म्हणाली.

"कोणी नाई पळालं, ताई."

"मग लपवतोस कशाला?"

"साहेबाले ट्रकात घातलं तवा शुद्धीवर होते. मले म्हणे, पोलिसाले माझंच नाव सांगजो. शब्द देल्ला मी."

"कोणाला वाचवायला?"

नत्थू बॉनेटकडे वळला. अरुंधती पुन्हा आत बसली. पर्समधलं पत्र काढून तिने सीटवर ठेवलं.

"गाडी चालू होते ना?"

"होते. पण नका नेऊ."

"मी फौजदाराकडे चालले. हे पत्र दाखवते. बुटका माणूस आहे, आठ-पंधरा दिवस तुमच्याबरोबर फिरला, कोणीतरी पाहिलंच असेल. त्याला तुरुंगात पाहिल्याशिवाय मी जबलपूरला परत जायची नाही."

"थांब."

आई ओसरीवर होती. सकाळपासून तिथेच खुर्चीत बसून होती. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. मोरीत घसरले असं सांगून तिने उजवा घोटा बांधला होता. आता ती उठली आणि एकेक पायरी धरत खाली आली.

"बाई, तुमी जा आत," नत्थू म्हणाला. "साहेबानं सांगितलं होतं ना."

"तुझा शब्द तू पाळलास, नत्थू. मी कोणाला दिला नव्हता."

अरुंधतीने तिच्यासाठी मागचं दार उघडायला हात लांब केला. आई मागच्या दाराशी गेली नाही. ती उजव्या बाजूने आली.

"सरक तिकडे."

अरुंधती डावीकडे सरकली. तिथेही पाय मावले नाहीत. तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. पत्र्याला तिथे दोन खोलगट खुणा होत्या. गुडघे बरोबर त्यांत बसले.

आईने पदर खोचला आणि ती आत बसली. बांधलेला पाय ब्रेकवर ठेवला. तो पोचला. सीट तिने हलवली नाही. पाठ टेकली. मग वर पाहिलं.

आरशाला तिला हात लावावा लागला नाही.