डोळे मिटून

पंचावन्न सालच्या सुमारास ठाण्यात एक डॉक्टरीणबाई मानेचे आणि तोल सावरायचे व्यायाम शिकवत. विहिरीवर पाय घसरून पडल्यापासून आपली मान धरली आहे आणि चालताना भोवंडतं, असं मंदाकिनीने त्यांना सांगितलं होतं. तिचा नवरा त्र्यंबक कचेरीत रजा टाकून तिला डोंबिवलीहून घेऊन येई. बायकोला इतकं जपणारा नवरा म्हणून चाळीतल्या बायका त्याचं कौतुक करत. ते कानावर आलं की तो काहीतरी निमित्त काढून आत निघून जाई.

हळूहळू मान मोकळी झाली. एके दिवशी बाईंनी मंदाकिनीला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं आणि स्वतः मागे थांबल्या. ती जराही हलली नाही.

"छान! आता हेच घरी करायचं," बाई त्र्यंबकला म्हणाल्या. "तुम्ही मागे उभे राहा. तोल गेलाच तर धरा."

त्र्यंबक मागे जाऊन उभा राहिला. मंदाकिनीने डोळे मिटले, आणि तिचे पाय लटपटले. तिने पटकन भिंत धरली.

"अगंबाई, आता तर घरचं माणूस आहे मागे!" बाई हसून म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

"अगं, मी धरतो ना तुला," त्र्यंबक अजिजीने म्हणाला.

"तुम्ही समोर उभे राहा," मंदाकिनी भिंत न सोडता हळूच म्हणाली. "त्या दिवशी जिन्यावर माझ्या पाठीवर तुमचाच हात होता."