सर्दी झालेला देवमासा

माझ्या वर्गातल्या मुलांचा गोष्टींच्या खाऊचा कार्यक्रम होता. आवडत्या गोष्टीतलं काहीतरी घरून करून आणायचं आणि सगळ्यांना खाऊ घालत ती गोष्ट सांगायची. बिस्किटांचा किल्ला झाला, काकडीची मगर झाली. मग छकुलीचा नंबर आला आणि मला धडकीच भरली. ती बोलताना अडखळते. एखादा शब्द अडकला, की अख्खा वर्ग तो ओरडून पुरा करतो आणि ती मुकाट्याने खाली बसते.

तिच्या बाबांनी खजुराच्या टॉफीचे देवमासे केले होते. तिळाचा डोळा, वर वळलेली शेपटी आणि सर्दीने लाल झालेलं चेरीचं नाक! तिने आधी प्रत्येकाला एकेक दिला आणि मगच गोष्ट सुरू केली. ती बऱ्याचदा अडकली, पण मध्ये कुणीच बोललं नाही. पोरं गाल फुगवून चघळत राहिली, ऐकत राहिली. देवमाशाच्या शेवटच्या शिंकेपर्यंत सगळी गोष्ट तिची तिनेच सांगितली.

तिला न्यायला आलेल्या बाबांना मी म्हटलं, "देवमासे सुरेख झाले होते हो! फक्त जरा चिवट होते."

"त्यासाठी दोन दिवस खपलोय, बाई," ते हसले. "ती गोष्ट सांगायची, मी चघळत ऐकायचो. गोष्टीआधी टॉफी संपली, की पुन्हा नवा पाक!"