बावखलावरची खोली

घरामागचं बावखल, पणजोबांनी खणलेलं ते गोड्या पाण्याचं तळं, स्टॅनीनं डबर टाकून बुजवलं आणि त्यावर पक्की खोली बांधली.

त्याची थोरली बहीण इनेझ वसईच्या कॉलेजात साहित्य शिकवायची. मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी आली आणि भर दुपारी संतापून त्या खोलीत शिरली. स्टॅनी आतच होता. तिच्या हातात एका दूरच्या देशातली कादंबरी होती. तिथल्या गावानंही आपलं तळं बुजवलं होतं.

"बस आणि ऐक," असं म्हणून ती एकेक वाक्य मराठीत करून वाचू लागली.

पान संपल्यावर ती थांबली. लाद्यांखाली कुणी घागर बुडवावी तसा आवाज आला. तिनं पुन्हा वाचायला घेताच तो बंद झाला.

पुढच्या पानाशी ती थांबली, तेव्हा आवाज पुन्हा आला, या वेळी बराच वरून.

"पाइप फुटला असेल," इनेझ म्हणाली.

"इथे पाइप टाकलेलाच नाही." स्टॅनीनं पाय खुर्चीवर घेतले होते. "बाय, थांबू नकोस. तू थांबलीस की ते वर येतं."

"बुजवताना मला विचारलं होतंस?"

आवाज आता स्टॅनीच्या खुर्चीखाली होता.

इनेझनं पुस्तक मिटलं, ती बाहेर आली आणि तिनं दार ओढून घेतलं.