जाड चेन

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी ही सायकल घरात आली. शर्यतीची, बिनगिअरची. आज तिची चेन तुटली होती आणि म्हातारा ती ढकलत दुकानात आला होता.

मिस्त्रीने पुढची चकती फिरवून पाहिली.

"काका, दात बारीक अन् चेन जाड. बाजूला फट राहते, म्हणून गल्लीभर खडखडते. बारीक घाला, लोण्यासारखी चालेल."

"जाडच दे. पोरानं निवडली होती. शर्यतीवाले जाडच घालतात म्हणे."

"बरं. पण पायजम्याला चिमटा तरी लावा. उजवा पाय रोज काळाकुट्ट!"

"राहून जातं." म्हातारा स्टुलावर टेकला. "घरी हिला सकाळचं दुपारी आठवत नाही. पण सहाला हा खडखडाट कानावर पडला की म्हणते, पोरगं आलं. मग दोन घास खाते. तिच्याबरोबर मीही बसतो."

मिस्त्री बराच वेळ तोच पाना पुसत राहिला.

"जाड परवा येईल. तोवर चाकात पुठ्ठा अडकवून देऊ? तोही वाजतो."

"फसायची नाही ती. कान तिखट आहेत."

शेवटी दोन दिवसांपुरती बारीक चेन बसवली. सायकल खरंच लोण्यासारखी चालली. म्हाताऱ्याने गल्लीत तीन फेऱ्या मारल्या, खड्ड्यांतून मुद्दाम नेली. चेन हूं की चूं करीना. सहा वाजून गेले. कोपऱ्यावर तो उभा राहिला. घरी जायला पाय उचलेना.

फाटक रोजच्यासारखं उघडं होतं. सायकल मागच्या भिंतीला टेकवून तो पुढच्या दाराने आत गेला. ताटं मांडलेली होती, पण पालथी. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"येईल एवढ्यात," तो घाईने म्हणाला. "कामात अडकला असेल."

तिने त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग उठून ताटं सुलटी केली.

"बसा. आणि पुन्हा जाडच घालून आणा."

"काय?"

"चेन. आज वाजली नाही ती. पायजमे कोण धुतं तुमचे?" तिने त्याला वाढलं. "वर्षभर अंथरूण सोडलं नव्हतंत. एका संध्याकाळी त्याची सायकल बाहेर काढलीत. मी सहज म्हटलं, पोरगं आलं. त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"जेवा. मी काही विसरलेली नाही. थोरलीच्या लग्नानंतरच्या थंडीत, मंगळवारी, संध्याकाळी सहाला आपलं पोर गेलं."