आधी एक डॉलर

सकाळी सव्वानऊला मालवणात मयेकरांच्या मोबाइलवर एक डिजिटल डॉलर आला. मुलगा इराणचं तेल नेणाऱ्या जहाजावर होता. अमेरिकी निर्बंधांमुळे बँकेची वाट बंद, म्हणून पगार असा यायचा. तो आधी एकच डॉलर पाठवायचा. वडील फोनवर "पोचला" म्हणाले की उरलेले.

आज फोन लागेना.

शेजारची शैला बातमी घेऊन आली. "काका, अमेरिकेच्या सांगण्यावरून आत्ताच जहाजावरच्या सगळ्यांची डिजिटल डॉलरची खाती गोठवलीत. पैसे आत जातात, बाहेर निघत नाहीत."

"मग हाच डॉलर त्याला परत पाठव. त्याचा फोन टिंग तरी करेल."

"वेड लागलंय का? अडकून पडेल तो."

"पडू दे. सोबत होईल त्याला."

तिने पाठवला. दुपारी डॉलर पोचल्याचं दिसलं. मुलाचा फोन बंदच होता.